पिन काढली का?

नाशिकचा पाऊस म्हटला की डोळ्यांपुढे जुलै येतो. इगतपुरीची झड, ढगात बुडालेला ब्रह्मगिरी, आणि गोदापात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या कुठवर पाणी चढलं याची चौकशी. पण घरातले टीव्ही, राउटर आणि शेतातल्या मोटरी या पावसात फारशा जळत नाहीत. जुलैची संततधार शांत असते, गडगडाट कमी. खरी धास्ती वळवाची, म्हणजे एप्रिल-मे आणि जूनचे पहिले दिवस, आणि पुढे सप्टेंबर-ऑक्टोबरातल्या परतीच्या पावसाची. दिवसभर रखरखीत ऊन, दुपारी तीन-चारनंतर एका बाजूने काळंभोर होतं, धुळीचा लोट उठतो, आणि पहिला थेंब पडायच्या आधीच कडकडाट सुरू होतो. कांदेवाला कांदा साठवायच्या चाळीकडे धावतो, आणि शहरात घराघरांतून एक प्रश्न विचारला जातो: टीव्हीची पिन काढली का?

प्रश्न चांगला आहे, पण अर्धा आहे. कारण पिन काढलेले टीव्हीही उडतात.

वळवानंतर दुरुस्तीला येणारा एक ठरावीक नमुना बघा. टीव्ही सुरू होतो. पडदा उजळतो, आवाज येतो, आतला पॉवर सप्लाय ठणठणीत, फ्यूज शाबूत. फक्त एचडीएमआयचं एक तोंड मेलेलं, आणि लॅनचंही. उघडल्यावर बोर्डावर काळा डाग नाही, वास नाही. त्या तोंडांमागच्या आयसी तेवढ्या गेलेल्या. घरचे शपथेवर सांगतात की पिन काढली होती, आणि ते खरंच असतं. टीव्हीची काढली होती. सेट टॉप बॉक्सची राहिली, गच्चीवरच्या डिशच्या छत्रीची केबल बॉक्सला लागलेली होती, आणि टीव्हीच्या मागून राउटरकडे जाणारी लॅन वायरही जागेवर होती. छत्रीच्या केबलमधून आलेला झटका बॉक्समध्ये, तिथून एचडीएमआयने टीव्हीत, आणि टीव्हीतून लॅनने राउटरकडे गेला. एचडीएमआयचा सगळा कारभार पाच व्होल्टांच्या आतला. त्याला मारायला हजारो व्होल्ट लागत नाहीत, काही दहा व्होल्ट पुरतात.

जुन्या नाशकातल्या वाड्यांत पुढचं आणि मागचं दार एकदम उघडं असलं की माजघरातून वारा वाहतो. एक दार लावलं की थांबतो. विजेच्या झटक्याचं तसंच आहे. वस्तूत शिरायला एक वायर लागते आणि बाहेर पडायला दुसरी. एकाच वायरीला लटकलेली वस्तू बहुधा वाचते, दोन वेगवेगळ्या वाटांनी आलेल्या वायरींच्या मध्ये सापडलेली वस्तू जाते. वळवाच्या दिवसांत घरात फिरून प्रत्येक वस्तूकडे या नजरेने एकदा बघावं: हिच्यात किती बाजूंनी काय येतं? मिक्सरला एकच वायर. सेट टॉप बॉक्सला तीन. राउटरला दोन. वॉशिंग मशीनला एक वायर आणि एक नळ. पाण्याच्या आरओ फिल्टरला तेच. सीसीटीव्हीच्या डीव्हीआरला, म्हणजे रेकॉर्डरला, तर प्रत्येक कॅमेऱ्याची एक, त्यातली एखादी थेट गेटच्या खांबापर्यंत गेलेली, वर टीव्हीची आणि इंटरनेटची. वीज जवळ पडल्यावर सोसायटीत सगळ्यात आधी डीव्हीआर किंवा गेटचा कॅमेरा गेलेला असतो, याचं कारण हेच.

घरावर थेट वीज पडणं क्वचित घडतं. एका सरासरी विजेचा प्रवाह ३०,००० अँपिअरच्या आसपास असतो, आणि तो थेट आला तर घरातली कुठलीही पेटी त्यापुढे उभी राहत नाही. पण बहुतेक नुकसान थेट पडलेल्या विजेने होत नाही. अर्धा-एक किलोमीटरवर वीज कोसळते, तिच्या चुंबकीय क्षेत्राने आसपासच्या लांबलचक तारांमध्ये क्षणभर हजारो व्होल्ट उभे राहतात, आणि ते तारेने घरात येतात. तार जितकी लांब आणि जितकी उघड्यावर, तितका झटका मोठा. गंगापूर रोडच्या नव्या कॉलनीत लाईटची लाईन जमिनीखालच्या केबलने आली असेल, पण इंटरनेटवाल्याने लॅनची वायर या गच्चीवरून त्या गच्चीवर झुलवत आणली असेल, तर जमिनीखालच्या केबलचं कौतुक फारसं उपयोगी नाही.

फायबर घेतलं म्हणजे सुटलो, असं म्हणतात. काचेचा तंतू वीज वाहून नेत नाही, हे खरं. पण खांबावरून घरापर्यंत येणाऱ्या त्या काळ्या केबलला ताण सोसण्यासाठी बाजूला पोलादी तार असते, आणि ती वाहते. जोडणी करणाऱ्याने ती तार भिंतीबाहेर हुकला बांधून तिथेच तोडायला हवी, फक्त फायबरचा भाग आत यायला हवा. प्रत्यक्षात कित्येक घरांत तारेसकट केबल थेट टीव्हीच्या कपाटात आलेली दिसते, आणि तिचं कापलेलं टोक राउटरच्या शेजारी किंवा एक्सटेन्शन बोर्डावर टेकलेलं असतं. हे आजच जाऊन बघण्यासारखं आहे.

आता खटक्याबद्दल. "बटण बंद केलंय की" हा सर्वांत लोकप्रिय गैरसमज. भिंतीवरचं बटण फक्त फेज तोडतं. न्यूट्रल आणि आर्थिंग दोन्ही वस्तूला जोडलेलीच राहतात, आणि झटका न्यूट्रलनेही येतो. शिवाय फेजसुद्धा किती तोडलेला असतो? कोरड्या हवेतला १ मिलिमीटर ओलांडायला साधारण ३,००० व्होल्ट लागतात. बंद बटणाच्या आत दोन टोकांमधली जागा फार तर ३ मिलिमीटर. खांबाजवळ वीज पडली तर झटका ही उडी सहज मारतो. पिन सॉकेटमधून काढून हातभर लांब ठेवली की तिन्ही वायरी एकदम सुटतात आणि मध्ये फूटभर हवा येते. म्हणून पिन काढायची, आणि काढल्यावर ती सॉकेटच्या तोंडाशी लोंबती सोडायची नाही. छत्रीच्या केबलचंही तसंच: बॉक्सच्या मागून पिळून काढा, टोक टीव्हीच्या लोखंडी स्टँडवर ठेवू नका, बाजूला लाकडी फळीवर सोडा. लॅन वायर दोन्ही टोकांनी काढायची गरज नसते, टीव्हीत किंवा राउटरमध्ये जी बाहेरून येते ती त्या टोकाने काढली की पुरे.

लोक पिन काढत नाहीत त्याचं खरं कारण आळस नाही. टीव्ही भिंतीवर, सॉकेट टीव्हीच्या मागे, आणि मध्ये दोन बोटं जाण्याइतकी जागा. इंटिरिअरवाल्याने वायर दिसू नये म्हणून केलेली ही सोय आहे. ती मोडून, टीव्हीची आणि बॉक्सची पिन खाली हाताच्या उंचीवरच्या एका पॉइंटवर आणली तर खर्च थोडा आणि काम वायरमनच्या अर्ध्या तासाचं. एकाच चांगल्या बोर्डावर टीव्ही, बॉक्स, राउटर, साउंडबार सगळे लावले तर एक पिन काढून सगळे सुटतात. मग उरतात फक्त बाहेरून येणाऱ्या दोन केबल. सजावटीपेक्षा हा पॉइंट जास्त महत्त्वाचा, असं आमचं स्पष्ट मत.

एमसीबी, आरसीसीबी, स्टॅबिलायझर, इन्व्हर्टर यांच्यावर विसंबणाऱ्यांसाठी थोडं. एमसीबी वायर तापून आग लागू नये म्हणून असते. शॉर्ट झाला तरी तिचा खटका पडायला सेकंदाचा शंभरावा भाग लागतो. विजेचा झटका त्याच्या शंभरपट आधी येऊन गेलेला असतो. आरसीसीबी माणसासाठी, ३० मिलिअँपिअर गळती झाली की ती पडते. विजेच्या वेळी ती उगाच पडते आणि त्यामुळे तिनेच घर वाचवलं असं वाटतं. फ्रीजच्या स्टॅबिलायझरमध्ये बहुधा ऑटोट्रान्सफॉर्मर असतो, म्हणजे आतल्या आणि बाहेरच्या बाजूचा न्यूट्रल एकच. झटका त्यातून सरळ जातो. इन्व्हर्टरचंही तेच. लाईट गेली, घर बॅटरीवर आलं, म्हणजे आपण लाईनपासून सुटलो असं वाटतं. आपल्याकडच्या वायरिंगमध्ये इन्व्हर्टरच्या बाजूचा न्यूट्रल लाईनच्या न्यूट्रलशी जोडलेलाच असतो. तेव्हा अंधारात इन्व्हर्टरवर टीव्ही बघत बसणं हे लाईटवर टीव्ही बघण्याइतकंच धोक्याचं.

बाजारात मिळणाऱ्या स्पाइक गार्डबद्दल सावध राहा. काही बोर्डांत खरोखर झटका कापणारा व्हॅरिस्टर असतो, काहींत फक्त लाल दिवा आणि रुबाबदार नाव. व्हॅरिस्टरवालाही प्रत्येक झटक्याने थोडा झिजतो आणि एक दिवस काही न सांगता संपतो. बोर्ड पूर्वीसारखाच चालत राहतो. आणि त्याला दोन पिनांचा प्लग लावून जुन्या सॉकेटमध्ये खुपसलं तर आर्थिंगच गेली, मग संरक्षण फार तर अर्धं उरतं.

वेळ कशी ठरवायची? आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो, म्हणजे तीन सेकंदांना एक किलोमीटर. वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत तीस सेकंद झाले तर ती साधारण दहा किलोमीटरवर आहे. सीबीएसवरून, म्हणजे मध्यवर्ती बसस्थानकावरून, मोजलं तर पांडवलेण्याच्याही पलीकडे. इतकी लांब असली तरी पुढची वीज डोक्यावर पडू शकते. म्हणून मोजणी तीस सेकंदांवर येण्याआधीच पिना काढायच्या. तीस सेकंदांच्या आत आली की हात लावू नका, राहिलं ते राहिलं. टीव्ही पुन्हा घेता येतो. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचं दामिनी ॲप फोनवर असेल तर आसपास कुठे विजा पडतायत हे आधीच दिसतं. दिवसभर घराबाहेर असणाऱ्यांनी मात्र वळवाच्या दिवसांत सकाळी निघतानाच टीव्हीचा बोर्ड आणि छत्रीची केबल काढून जावं. फ्रीज राहू दे. फार वाटलं तर वादळ दिसल्यावर काढा. दार उघडलं नाही तर चार तास आतलं सगळं थंड राहतं.

वस्तू राहू द्या, माणसाचं काय? मोबाइलवर बोलल्याने वीज ओढली जात नाही. बॅटरीवरचा फोन, बॅटरीवरचा लॅपटॉप, वायफाय, रिमोट, यांत धोका नाही. चार्जिंगला लावून कानाशी धरलेला फोन किंवा त्याला लावलेले वायरचे इअरफोन ही वेगळी गोष्ट, कारण आता तुम्हीही लाईनला जोडलेले आहात. वायरचा लँडलाइन फोन तसाच. कपडे वॉशिंग मशीनमध्ये भरू नका, इस्त्री करू नका, आंघोळ आणि भांडी अर्धा तास थांबवा. जुन्या इमारतींत गच्चीच्या टाकीपासून बाथरूमपर्यंत जीआय, म्हणजे जस्त चढवलेले लोखंडी, पाइप आहेत, ते सरळ गच्चीवरून घरात येणारी धातूची वाट. नव्या घरांत पाइप प्लॅस्टिकचे, धोका कमी, पण गीझर लाईनला आणि सोलर हीटरचा लोखंडी सांगाडा गच्चीवर, तेव्हा शून्य नाही. बाल्कनीच्या ग्रिलला टेकून विजा बघू नका.

नाशकात एक धोका मे महिन्याचा खास. गच्चीवर कुरडया, पापड, वाळवण पसरलेलं असतं, कपडे लोखंडी तारेवर. ढग आले की घरातली बाई गच्चीवर धावते, आणि नेमक्या त्याच वेळी इमारतीचं सर्वांत उंच टोक ती असते. ओल्या साडीचं टोक तारेला, हात तारेला. गडगडाट ऐकू आला की वाळवण भिजू द्यावं. कुणाला वीज लागलीच, तर त्या माणसाच्या अंगात करंट उरत नाही, हात लावायला घाबरू नका. श्वास थांबला असेल तर छाती दाबायला लागा आणि कुणाला तरी १०८ ला फोन करायला सांगा.

पिन काढता येत नाही अशा वस्तू मात्र घरात वाढत चालल्यात. एसी, गीझर, लिफ्ट, सोसायटीचा पंप, सोलरचा इन्व्हर्टर, मॉड्युलर किचनच्या आत गाडलेला ओव्हन. यांच्यासाठी सर्ज प्रोटेक्टर, म्हणजे एसपीडी, हाच उपाय. घरच्या डीबीत, म्हणजे एमसीबींच्या पेटीत, टाइप २ चा लावायचा, मेन स्विचच्या नंतर आणि आरसीसीबीच्या आधी. सिंगल फेजला १+१ म्हणून मिळतो तो, फेज ते न्यूट्रल व्हॅरिस्टर आणि न्यूट्रल ते आर्थिंग स्पार्क गॅप. डब्यावर बघायचे आकडे तीन: सतत सोसण्याचा दाब २७५ किंवा ३२० व्होल्ट (आपल्याकडे ३२० बरा, कारण रात्री लाईन वर चढते), नेहमीची क्षमता २० किलोअँपिअर, आणि झटका कापून किती व्होल्टांवर आणतो ते, दीड किलोव्होल्ट किंवा कमी. गच्चीवर विजेचा दांडा असेल किंवा घराला उघड्या तारांनी लाईन येत असेल तर मीटरपाशी टाइप १ हवा, किंवा टाइप १ आणि २ एकत्र असलेला.

इथे वायरमन हमखास एक चूक करतात. एसपीडी लावला, त्याची वायर लांब ठेवली, सुबक वळणं घालून बांधली. दिसायला उत्तम, कामाला वाईट. एक मीटर वायरीचं इंडक्टन्स सुमारे एक मायक्रोहेन्री. १०,००० अँपिअर आठ मायक्रोसेकंदांत चढला तर त्या एका मीटरवरच सव्वा हजार व्होल्ट उभे राहतात, आणि ते एसपीडीच्या दीड हजारांत भर घालून तुमच्या एसीपर्यंत जातात. म्हणून फेजपासून एसपीडीपर्यंत आणि एसपीडीपासून आर्थिंगच्या पट्टीपर्यंत मिळून वायर अर्ध्या मीटरच्या आत, सरळ, तांब्याची, किमान ६ चौरस मिलिमीटर. टाइप १ ला १६. गुंडाळी करायची नाही. डीबीत आर्थिंगची पट्टी लांब असेल तर पट्टी एसपीडीजवळ आणा.

आणि ही सगळी मांडणी आर्थिंगवर उभी आहे, तिथेच नाशिकची जमीन अडवते. शहराच्या बऱ्याच भागात मीटर-दोन मीटर माती आणि मुरूम, त्याखाली काळा पाषाण. ओला असताना मुरूम बरा वाहतो, सुकल्यावर नाही. निफाडकडची काळी माती ओली असताना उत्तम, पण मेमध्ये तिला भेगा पडतात आणि ती आर्थिंगच्या पाइपपासून सुटते. म्हणजे वळवाच्या विजा ज्या महिन्यात सर्वांत जास्त, त्याच महिन्यात आर्थिंग वर्षातली सर्वांत वाईट. आर्थिंगच्या खड्ड्याला फनेल आणि झाकण पाणी टाकण्यासाठीच असतं. एप्रिलपासून पहिल्या पावसापर्यंत आठवड्याला दोन बादल्या पाणी टाकायचं. सोसायट्यांत हे काम कोणाचंच नसतं. बहुतेक ठिकाणी झाकणावर पेव्हर ब्लॉक बसवून टाकलेत. मीठ-कोळशाच्या जुन्या आर्थिंगमध्ये ४० मिलिमीटरचा, अडीच मीटरचा जीआय पाइप असतो, आणि मीठच त्याला वर्षांनुवर्षं खात राहतं. वर बोल्ट चकचकीत, खाली पाइप गळून गेलेला.

तपासणी कशी होते ते बघण्यासारखं. वायरमन फेज आणि आर्थिंगच्या मध्ये १०० वॉटचा बल्ब लावतो, तो पेटला की "आर्थिंग फर्स्ट क्लास" म्हणतो. त्या बल्बमधून अर्ध्या अँपिअरहूनही कमी जातो. आर्थिंगचा रोध ५० ओहम, म्हणजे विजेच्या दृष्टीने निरुपयोगी असला तरी बल्बला २१० व्होल्ट मिळतात आणि तो झकास पेटतो. आर्थिंग मोजायची तर टेस्टर लागतो, दोन खिळे जमिनीत ठोकून वाचन घेणारा. घराला ५ ओहमच्या आत आलं तर उत्तम. वाचन मेमध्ये घ्या. ऑगस्टमधलं वाचन सगळ्यांचंच छान असतं. आणि पंचवटी-भद्रकालीतल्या ज्या वाड्यांत अजून लाकडी पट्टीवर दोन वायरींचं जुनं वायरिंग आहे, तिथे आधी आर्थिंगची तिसरी वायर ओढा, मग एसपीडीचा विचार करा.

५ ओहम असले तरी हिशोब करून बघा. विजेचा फक्त २,००० अँपिअर वाटा त्या खड्ड्यात उतरला तर खड्डा १०,००० व्होल्टांवर जातो. म्हणून आर्थिंग कितीही चांगली केली तरी ती वेगवेगळी ठेवली तर घात होतो. छतावर सोलर बसवताना तीन खड्डे करतात: एक पॅनेलच्या डीसी बाजूचा, एक इन्व्हर्टरच्या एसी बाजूचा, एक विजेच्या दांड्याचा. तीन असायला हरकत नाही. पण ते खाली एकमेकांना जाड पट्टीने जोडलेले हवेत, आणि घराच्या जुन्या आर्थिंगलाही. "दांड्याची वीज घरात येईल" म्हणून लोक जोडू देत नाहीत. न जोडल्यानेच ती येते: दांड्याचा खड्डा दहा हजारांवर, घराचा शून्यावर, आणि त्या दोहोंना जोडणारी एकच वाट म्हणजे सोलर इन्व्हर्टरचा बोर्ड. वरून उतरणारी पट्टी घरच्या वायरीपासून लांब ठेवा, भिंतीच्या दुसऱ्या बाजूने उतरवा, पण जमिनीपाशी सगळं एक करा. पॅनेलच्या बाजूला डीसीचा वेगळा एसपीडी लागतो, एसीचा तिथे चालत नाही.

दांड्याबद्दल एवढंच की तो इमारत वाचवतो, टीव्ही नाही. उलट दांड्यावर वीज पडली की शेजारून जाणाऱ्या प्रत्येक वायरीत झटका उठतो. दांडा आहे आणि एसपीडी नाही, ही अर्धवट व्यवस्था झाली. शिवाय रंगकाम करणाऱ्यांनी पट्टी मधेच सोडवून ठेवलेली किंवा तांब्याची म्हणून कुणी कापून नेलेली असते, आणि वरचा दांडा तसाच दिमाखात उभा असतो. वर्षातून एकदा गच्चीपासून खड्ड्यापर्यंत पट्टी नजरेने चालून बघा. ठरावीक मोठ्या परिघाचं संरक्षण देतो असं सांगून विकल्या जाणाऱ्या फुगीर डोक्याच्या महाग दांड्यांना आयएस/आयईसी ६२३०५ या मानकात आधार नाही, हेही सोसायटीच्या बैठकीत कुणीतरी विचारावं.

वादळात वस्तू जळतात त्यातल्या पुष्कळ विजेने जळतच नाहीत. फांदी पडते, खांबावरचा न्यूट्रल तुटतो. तीन फेजांच्या लाईनवर न्यूट्रल सुटला की घरातली उपकरणं दोन फेजांच्या मध्ये सापडतात, आणि २३० च्या जागी कुणाला १२०, कुणाला ३५० व्होल्ट मिळतात. खूण ओळखा: ट्यूब अंगावर आल्यासारखी लख्ख, पंखा घरघरायला लागतो, आणि शेजाऱ्याकडे दिवे मंद. हे दिसताच मेन स्विच बंद, फेज आणि न्यूट्रल दोन्ही तोडणारा. नंतर १९१२ वर किंवा महावितरणच्या स्थानिक कार्यालयात तक्रार. एसपीडी यात कामाचा नाही. झटका सोसतो, पण पाच मिनिटं ३५० व्होल्ट सोसायला लागला तर तापून स्वतःच जातो. याच्यासाठी वेगळा व्होल्टेज प्रोटेक्टर डीबीत बसतो, २७०-२८० च्या वर गेलं की तोडतो आणि लाईन सुधारल्यावर थोडा थांबून जोडतो. घरात एकच वस्तू घेण्याइतके पैसे असतील तर आम्ही आधी हा घ्यायला सांगू, मग एसपीडी.

दिंडोरी-निफाडच्या मळ्यांत प्रश्न वेगळा. तिथे बोअरची सबमर्सिबल मोटर जळते, घरातलं काही नाही. कारण बोअरचं पाणी हीच त्या परिसरातली सर्वांत चांगली आर्थिंग. डीपीकडून, म्हणजे ट्रान्सफॉर्मरकडून, झटका येतो, तीन वायरींनी खाली उतरतो, वाइंडिंगचं इन्शुलेशन फोडून मोटरच्या बॉडीतून पाण्यात जातो. स्टार्टरला "ऑटो" लावून ठेवलेला असतो, म्हणजे लाईट आली की मोटर आपोआप सुरू, आणि म्हणूनच ती लाईनपासून कधी सुटतच नाही. वळवाच्या दिवसांत दुपारनंतर पाणी चालू नसेल तर मेन स्विचचा दांडा खाली ओढून ठेवा. पॅनेलमध्ये थ्री फेजचा एसपीडी, आणि त्याची आर्थिंग बोअरच्या लोखंडी केसिंगलाच जोडलेली, वेगळ्या खड्ड्याला एकटी नको. डीपीवरचे, झटका जमिनीत उतरवणारे अरेस्टर फुटके असतील तर त्याची लेखी तक्रार द्या. आणि गडगडाट सुरू झाल्यावर मोटर बंद करायला द्राक्षाच्या मांडवातून जाऊ नका. त्या तारा एका टोकाला पडलेली वीज दुसऱ्या टोकापर्यंत आणतात.

वादळ गेल्यावर घाई नको. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास. आधी एक दिवा आणि पंखा लावून बघा, उजेड आणि वेग नेहमीसारखा आहे का. मग एकेक पिन, फ्रीज पाच मिनिटांनी. एसपीडीच्या खिडकीत हिरव्याऐवजी लाल दिसलं तर तो कामी आला आणि संपला. आतली कॅसेट बदलते, पूर्ण डबा नाही. जळका वास आलेली वस्तू "एकदा लावून बघू" म्हणून लावू नका.

वॉरंटीत विजेचं नुकसान बसत नाही. घरविम्यात वीज पडणं असतं, पण अनेक पॉलिसींच्या वगळलेल्या बाबींत एक वाक्य असतं: कोणत्याही कारणाने, वीज पडणं धरून, यंत्राच्या आत शॉर्ट किंवा जास्त दाब होऊन तेच यंत्र खराब झालं तर ते सोडून. म्हणजे विजेने आग लागून सोफा जळाला तर सोफ्याचे मिळतील, बोर्ड गेलेल्या टीव्हीचे कदाचित नाहीत. इलेक्ट्रॉनिक वस्तूंचं कव्हर वेगळं घ्यावं लागतं. दाव्याला वस्तूचं बिल, वादळाची तारीख-वेळ, जळालेल्या बोर्डाचा फोटो आणि दुरुस्तीवाल्याचा लेखी शेरा मागतात. बोर्ड फेकून द्यायच्या आधी एवढं गोळा करा.